बेसांव

मालवणच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांतून संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एक लहानसा विधि होत असे, व कांहीं घरांत तो अजून होतो. जपमाळेची प्रार्थना, जिला आमच्याकडे 'तेर्स' म्हणतात, ती संपली, कीं घरांतील प्रत्येकजण आपल्याहून वडील असलेल्या प्रत्येकापुढें जाऊन हात जोडतो, आणि 'बेसांव दी' असें म्हणतो. बेसांव म्हणजे आशीर्वाद. वडील माणसानें त्याच्या मस्तकावर हात ठेवून किंवा नुसता हात उंचावून 'देव बरें करूं' एवढे तीन शब्द म्हणावयाचे, कीं विधि संपला. मग पानें मांडण्याची घाई. आमच्या लहानपणीं हें सारें इतक्या वेगानें उरकलें जाई, कीं आशीर्वादाचा स्पर्श आणि बांगड्याच्या तिखल्याचा वास हे दोन्ही आम्हांस अजून एकाच वेळीं आठवतात.

तेर्स, बेसांव, खुरीस हे शब्द मूळचे पोर्तुगीज. आमचे पूर्वज, कोणी पोटासाठीं तर कोणी फिरंगी अंमलाच्या जाचाला कंटाळून, गोव्यांतून तेरेखोल ओलांडून सावंतवाडी संस्थानांत आले व पुढें किनाऱ्या-किनाऱ्यानें मालवणपर्यंत पसरले, तेव्हां हे शब्दहि त्यांच्या गांठोड्यांतून आले. परंतु ज्या शब्दांनीं बेसांव द्यावयाचें ते मात्र या मातीचेच राहिले. भाषेच्या बाबतींत आमच्या लोकांनीं फारसें सोंवळें कधीं पाळलें नाहीं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला, आणि ख्रिस्ताचें चरित्र त्यानें लिहिलें तें मराठी ओवींत. सुमारें अकरा हजार ओव्यांचें तें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें साष्टींतील रायतूर येथें छापलें गेलें, आणि त्यांत स्वर्गाला शब्द आहे 'वैकुंठ'. देवाच्या दयेला आमच्या कोंकणी प्रार्थनेंत 'काकूत' म्हणतात. मराठींत 'काकुळतीस येणें' ही मागणाऱ्याची दीन अवस्था. कोंकणींत काकूत ही देणाऱ्याच्या मनाची अवस्था. एकाच कुळांतले दिसणारे हे शब्द एकदां हात पसरणाऱ्याकडे आणि एकदां हात ठेवणाऱ्याकडे कसे गेले, याचा निर्णय कोशकारांनीं करावा. आम्हांला त्यांचें नातें ज्या प्रसंगानें कळलें तो घरगुती आहे, व त्यांत आमची शोभा फारशी नाहीं.

देवाकडे परत येणें म्हटलें, कीं सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें मोठीं माणसें उभीं राहतात. १८८३ मध्यें इंग्लंडांत बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाई. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक. आणि त्या एका दिवसानें जिच्या संसाराचे दोन तुकडे झाले, व जिनें कांहीं वर्षांनीं स्वतःच्या पायांनीं तीच वाट चालून पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिलीं, ती लक्ष्मीबाई. या मंडळींच्या आयुष्याचें वळण बोट ठेवून दाखवितां येतें. पण आमच्यासारख्यांनीं काय दाखवावें? जन्मून पुरता महिना झाला नव्हता तोंच आमच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचें पाणी पडलें. रविवारची मिस्सा आम्हीं कधीं चुकविली नाहीं, आणि उपवासकाळांतल्या शुक्रवारीं मांसाला शिवलों नाहीं. जो घर सोडून गेलाच नाहीं त्यानें परतावें कोठून? हा प्रश्न आम्ही चाळिशी उलटेपर्यंत स्वतःला विचारीत होतों, आणि खरें सांगावयाचें तर मोठ्या समाधानानें विचारीत होतों.

आमचा धाकटा भाऊ २००३ सालीं घरांतून गेला. वडिलांनीं सारा जन्म बोटीवर नोकरी केली, आणि त्या कमाईचें जें कांहीं दिसण्याजोगें उरलें तें म्हणजे समुद्राच्या बाजूची माडांची वाडी. धाकट्यानें आपला वाटा मागितला. बाप हयात असतां वाटा मागणें आमच्याकडे बरें मानीत नाहींत. वडिलांनीं मात्र एक शब्द न बोलतां निम्मी वाडी त्याच्या नांवें करून दिली, आणि त्यानें ती वर्षाच्या आंत विकून टाकली. तो मुंबईला गेला, तेथून आखातांत. पहिलीं दोन वर्षें पैसे आले. मग नुसते फोन. मग फोनहि बंद झाले. कोणी सांगे, दारूंत बुडाला. कोणी सांगे, तुरुंगांत आहे. २००९ च्या पावसाळ्यांत वडील वारले. ठाऊक होते तितक्या सर्व नंबरांवर आम्हीं निरोप ठेवले. तो आला नाहीं. खांदा द्यावयास शेजारच्या वाडींतले गाबीत आले. खड्ड्यांत मूठभर माती टाकतांना आम्हीं मनांत एक हिशेब मांडला, व तो पुढें सात वर्षें रोज वाढत गेला. आमचा धंदा मास्तरकीचा. गुण देणें आणि गुण कापणें यांत आमचा हात बसलेला.

आई मात्र तेर्साच्या अखेरीस रोज एक जादा 'आमच्या बापा' म्हणे. ती कोणासाठीं, हें विचारण्याची गरज नव्हती. जो घरीं राहिला त्याच्यासाठीं जादा कांहीं नव्हतें, ही गोष्ट आमच्या लक्षांत येत असे. ती बोलून दाखविण्याइतके आम्ही असंस्कृत नव्हतों, एवढेंच.

२०१६ च्या फेब्रुवारींत, राखेचा बुधवार होऊन आठवडा झाला असेल नसेल, शेवटच्या एस. टी.नें तो आला. तेर्साचें तिसरें रहस्य चालू होतें. दार उघडें होतें. उंबरठ्यावर तो, हातांत एक बॅग, केंस पिकलेले. आईनें मान वर केली, त्याला पाहिलें, आणि तिचा आवाज थांबला नाहीं. मणी पुढें सरकला. मोकळ्या हातानें तिनें चटईवरची आपल्या शेजारची जागा दाखविली. तो बसला, आणि जणूं तेरा वर्षांपूर्वीं सोडलें होतें तेथूनच उचलावें, तसा सर्वांबरोबर प्रार्थनेचें उत्तर म्हणूं लागला. पाठ चुकला नाहीं, याचा आम्हांला त्या क्षणीं राग आला.

तेर्स संपल्यावर तो आईपुढें गेला. तिनें दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले, बेसांव दिलें, आणि म्हणाली, "हातपाय धू आनि जेवूक बस." तेरा वर्षांविषयीं तिनें त्या रात्रीं एवढेंच विचारलें, किंवा विचारलें नाहीं. मग तो आमच्यासमोर आला, हात जोडून उभा राहिला व म्हणाला, "बेसांव दी, दादा."

आम्ही उठलों, खिडकी लावली, आणि आंत गेलों.

दुसऱ्या रात्रीं तो पुन्हां आला. तिसऱ्या रात्रींहि आला. आम्ही कधीं माळ पेटींत ठेवण्यांत गुंतलों, कधीं मुलांच्या वह्या पाहूं लागलों. तो दोन क्षण उभा राही, हात खालीं घेई, आणि मग निमूटपणें पानें मांडूं लागे. आमच्या पत्नीनें एकदां आमच्याकडे पाहिलें. तें पाहणें आम्हांला आवडलें नाहीं. असे अठरा-एकोणीस दिवस गेले. मागण्यांत तो चुकला नाहीं, आणि न देण्यांत आम्ही चुकलों नाहीं.

आतां यांतला विनोद पाहावा. तें सारें वर्षच दयेचें होतें. पोप फ्रान्सिस (ते २१ एप्रिल २०२५ रोजीं, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशीं, वारले) यांनीं ८ डिसेंबर २०१५ पासून २० नोव्हेंबर २०१६ पर्यंत दयेचें विशेष पुण्यवर्ष घोषित केलें होतें, व रोमप्रमाणेंच जगभरच्या धर्मप्रांतांतून 'दयेचीं दारें' उघडण्यांत आलीं होतीं. आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुण्याच्या धर्मप्रांतांतून २००५ मध्यें वेगळा झाला असून त्याचें मुख्य ठाणें सावंतवाडी आहे. दाराविषयींचीं प्रवचनें गांवोगांव झालीं. आमच्या घरांत ख्रिस्ताची ती तसबीरहि होती, जींत हृदयांतून एक तांबडा व एक फिका असे दोन किरण निघालेले दाखवितात. सिस्टर फाउस्टिना ही पोलंडमधील जोगीण १९३८ मध्यें क्राकूव येथें वारली; तिच्या साक्षात्कारावरून निघालेली ही भक्ति. ३० एप्रिल २००० रोजीं तिला संतपद मिळालें, व ईस्टरनंतरचा रविवार 'दैवी दयेचा' ठरला. दुपारीं तीन वाजतां म्हणावयाची तिची छोटी माळ आम्ही शाळेंत, शिक्षकांच्या खोलींत, डोळे मिटून नेमानें म्हणत असूं. तीन वाजतां जगावर दया कर म्हणून देवाला विनविणें, आणि आठ वाजतां खिडकी लावणें, असा आमचा दिनक्रम होता. आणि या दोहोंत कांहीं विसंगति आहे असें आम्हांला, खरोखर सांगतों, वाटलें नव्हतें.

उपवासकाळाच्या चौथ्या रविवारच्या आधींच्या शुक्रवार-शनिवारीं पापनिवेदनाकरितां मुद्दाम वेळ ठेवण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. त्या शनिवारीं आम्ही इगर्जींत गेलों. पापांची यादी आम्ही नेहमीं नीट लावून नेतों: वर्गांत रागावलों, एका शेजाऱ्याविषयीं वाईट बोललों, प्रार्थनेंत लक्ष नव्हतें. पाद्री वृद्ध होते, आणि जाळीच्या पलीकडून त्यांनीं आमचा आवाज ओळखला असावा. यादी संपल्यावर ते म्हणाले, "एवढेंच?" आम्हीं म्हटलें, "एवढेंच." थोडा वेळ गेला. "घरीं कोण कोण असतें, मास्तर?" आम्हीं सांगितलें, आणि शेवटीं, एखादा किरकोळ तपशील सांगावा तसें, भाऊ आला असल्याचें व त्याला बेसांव देत नसल्याचेंहि सांगितलें, पण तें पाप म्हणून नव्हे, न्याय म्हणून, असा खुलासाहि केला. वडिलांच्या मातीचा हिशेब त्यांच्यापुढें मांडला. तो आम्हांला चांगला मांडतां येत होता.

त्यांनीं सारें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "तो तुमच्याकडे तुमचें काय मागतो आहे? तुमचा आशीर्वाद मागितला असता तर गोष्ट वेगळी होती. तो देवाचें मागतो आहे. दुसऱ्याचा माल तुम्ही कां अडवून ठेवलात?" प्रायश्चित्त म्हणून त्यांनीं नेहमींच्याच तीन 'नमो मरिया' सांगितल्या, भावाविषयीं कांहीं सांगितलें नाहीं. आम्ही बाहेर पडलों तेव्हां मनांतून संतापलों होतों. क्षमा घेऊन येणाऱ्या माणसाला संताप येतो हें विचित्र खरें. पण आलेला संताप येथें लपविण्यांत अर्थ नाहीं.

दुसरे दिवशीं, ६ मार्चला, मिस्सेंत लूकच्या पंधराव्या अध्यायांतली उधळ्या पुत्राची कथा वाचली गेली. तीन वर्षांच्या चक्रांत ती उपवासकाळाच्या या रविवारीं येते. आमच्या रागाला धरून कोणी ती मुद्दाम निवडली नव्हती. त्याच बांकावर, आईच्या पलीकडे, आमचा भाऊ बसला होता. सर्वांच्या नजरा त्याच्याकडे जात होत्या, आणि तो मान खालीं घालून बसला होता. आम्ही मान ताठ ठेवून ऐकत होतों. इतकीं वर्षें ऐकलेल्या या कथेंतील एक बारकावा त्या दिवशीं प्रथम कानांत शिरला. शेतावरून आलेला थोरला भाऊ बापाशीं बोलतांना धाकट्याला भाऊ म्हणत नाहीं; 'तुमचा हा मुलगा' असें म्हणतो. आमच्या अंगावर कांटा आला, कारण त्या आठवड्यांत आम्ही आईपाशीं जेव्हां जेव्हां बोललों तेव्हां 'तुझा मुलगा' असेंच बोललों होतों. बाप त्या थोरल्यालाहि समजावण्याकरितां घराबाहेर येतो. तो आंत गेला कीं नाहीं, हें लूक सांगत नाहीं. कथा अंगणांतच सुटते.

घरीं येतांना आम्हांला पंढरपूर आठवलें. ख्रिस्ती झालों तरी महाराष्ट्रांतल्या माणसाला तें आठवतेंच. पुंडलिकहि परतलेला मुलगाच. आईबापांना छळून तो काशीला निघाला, वाटेंत त्याचे डोळे उघडले, आणि तो घरीं येऊन त्यांच्या सेवेला असा लागला, कीं दाराशीं देव आला तरी उठला नाहीं. वीट फेंकून थांबावयास सांगितलें. लूकच्या कथेंत बाप धांवत बाहेर येतो, येथें देव बाहेर उभा राहतो. ताटकळणें दोन्हीकडे त्याच्याच वांट्याला. पुंडलिकाला एखादा सरळमार्गी थोरला भाऊ होता कीं काय, याविषयीं परंपरा मुकी आहे. असलाच, तर आषाढींत लोटणारी ती गर्दी पाहून त्याला काय वाटलें असतें, हें समजून घ्यावयास आम्हांला फार आवडलें असतें.

वाचकांस वाटेल, कीं त्या रविवारीं रात्रीं आम्हीं हात वर केला. नाहीं. पाद्र्यांचें बोलणें पटलें होतें, कथा पोंचली होती, आणि तरी हात उठेना. पटणें आणि उठणें यांच्यामध्यें केवढें अंतर असतें, हें मास्तरकींत इतरांच्या मुलांवरून कळलें होतें. आतां स्वतःवरून कळलें. या काळांत आम्हांला वारंवार रापण आठवत असे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें लांबलचक जाळें; होडीनें तें समुद्रांत अर्धगोल टाकतात, आणि दोन्ही टोंकांचे दोर धरून वाळूवरचीं माणसें तासन्‌तास ओढतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे हे ठरलेले. शिवाय दोराला हात लावणाऱ्या पोरांना मूठ-दोन मुठी मासळी मिळे. एका सकाळीं आम्ही पहाटेपासून दोराला होतों. धाकटा झोंपून राहिला, आणि जाळें वाळूला लागतांना धांवत आला. त्यालाहि तेवढीच मूठभर तारली मिळाली. आम्ही रडत घरीं आलों, आणि वडिलांकडे फिर्याद नेली. वडील जाळें नव्हे तर आपला जुना सदरा शिवीत बसले होते, मान वर न करतांच म्हणाले, "तेच्या पोटाक उशीर झालो काय?" त्याच्या पोटाला थोडाच उशीर झाला होता! द्राक्षमळ्यांत शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांना पुरा दिनार देणाऱ्या धन्याची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. वडिलांना ती ठाऊक असली तरी त्यांनीं ती सांगितली नाहीं. ते रापणीचाच हिशेब सांगत होते. ज्या मासळीला आम्हीं जन्म दिला नाहीं, खाऊं घातलें नाहीं, जी समुद्राची होती, तिच्या वांटणीवरून आम्ही रडत होतों. पण हें तेव्हां कळण्याचें वय नव्हतें, आणि पुढें वय झालें तेव्हां वाडीच्या वांटणीचा प्रश्न आला.

पवित्र आठवडा लागण्यापूर्वीं भावाला ताप भरला. एका रात्रीं तो तेर्साला उठला नाहीं. प्रार्थना संपली, मुलांनीं बेसांव घेतलें, पत्नीनें घेतलें, आणि आम्ही माळ हातांत घेऊन तसेच बसून राहिलों. समोर कोणी येऊन उभें राहिलें नाहीं. अठरा-वीस रात्रीं टाळलेली गोष्ट त्या रात्रीं आलीच नाहीं, आणि ती न येणें आम्हांला सोसेना. जेवण झालें. सारे निजले. आम्ही उठून माजघरालगतच्या खोलींत गेलों. तो भिंतीकडे तोंड करून झोंपला होता, श्वास जोराचा चालला होता. त्याच्या कपाळावर हात ठेवला, हात भाजला. 'देव बरें करूं' हे शब्द आम्हीं म्हटले खरे, पण ते त्याला ऐकूं गेले नाहींत. आम्हांलाहि नीटसे ऐकूं आले नाहींत. मग ओली घडी आणून त्याच्या कपाळावर ठेवली व पहांटेपर्यंत बदलीत बसलों. दोन दिवसांनीं तो तेर्साला आला, हात जोडून उभा राहिला, आणि आम्हीं जणूं रोजचेंच काम असावें असा हात वर केला. आईनें पाहिलें, तिच्या तोंडावर कांहीं दिसलें नाहीं. जादा 'आमच्या बापा' मात्र तिनें सोडली नाहीं. आतां ती कोणासाठीं म्हणते, असें आम्हीं एकदां धीर करून विचारलें. ती म्हणाली, "तेव्हांहि दोघांखातर म्हणा होतंय."

२०१९ मध्यें आई गेली. या वेळीं खांद्याला तो होता. त्या रात्रीं घर पाहुण्यांनीं भरलें होतें, तरी तेर्स झालें, आणि नंतर एकामागून एक सर्वजण आमच्यापुढें आले. घरांत आतां आमच्याहून वडील कोणी उरलें नव्हतें. सर्वांना दिलें, आणि आम्हीं कोणापुढें जावें हें कळेना. उठून उभे राहिलों तों पाय आपोआप आईच्या जागेकडे वळले, आणि तेथें चटई गुंडाळून ठेवलेली होती. भाऊ सर्वांत शेवटीं आला. बेसांव घेतलें, आणि रोजच्याप्रमाणें म्हणाला, "देव बरें करूं, दादा." कोंकणींत आभार मानावयाचे तेहि याच शब्दांनीं मानतात. तीन वर्षें तो रोज रात्रीं हे शब्द आम्हांला परत करीत होता, आणि आम्हीं ते आभार म्हणून घेतले होते.

त्यानें विकलेल्या वाडींत आतां पर्यटकांसाठीं होमस्टे उभा आहे, आणि हा तेथेंच कामाला जातो. पाहुण्यांचें सामान उचलतो, सुरमई तळतो, आणि आपल्याच माडांखालीं खुर्च्या मांडतो. दारू बरीचशी सुटली आहे, सारी सुटलेली नाहीं. उरलेल्या वाडींतले नारळ आम्ही अजून मोजतों. ३० मार्च २०२५ रोजीं ती कथा पुन्हां वाचली गेली. आम्ही दोघे जवळजवळ बसलों होतों, आणि तो प्रवचनाच्या वेळीं पेंगत होता. गेल्या आठवड्यांत एका रात्रीं तो उशिरां आला. तेर्स संपलें होतें, पानें मांडलीं होतीं, तोंडाला वास येत होता, आणि पाडलेल्या नारळांपैकीं सतरा कमी होते. तो समोर उभा राहिला. आम्हीं हात वर केला, आणि नारळांचा विषय सकाळीं काढावयाचें ठरविलें. सकाळीं काढला; भांडण झालें. रात्रीं तो वेळेवर आला.